सुकलालभाईंचा चालू ब्राउझर

दसऱ्याच्या सकाळी सुकलाल भामरे यांनी कॉम्प्युटर बंद केला. संध्याकाळी त्यांनी तो चालू केला. तेव्हा ब्राउझर अपडेट झाला आणि त्यातलं ॲडऑन बंद पडलं.

घटना एवढीच. सुरतेत भेस्तानच्या आमच्या सोसायटीत ती कोणाच्या लक्षातही आली नाही. खालच्या मजल्यावर लोक फाफडा-जलेबीचे पुडे घेऊन एकमेकांच्या घरी जात होते. एका घरातला ब्राउझर नवा झाला, यात कोणी कोणाला काय सांगायचं? पण सुकलालभाईंनी हा ब्राउझर महाशिवरात्रीपासून एकदाही बंद केला नव्हता.

हे मी शब्दशः लिहितो आहे. कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असे. पंखा घरघरत असे. पडदा विझवायला त्यांची हरकत नव्हती, पण ब्राउझरची खिडकी मिटायची नाही. ब्राउझरचं अपडेट हळूच आत येऊन बसतं, आणि आपण तो एकदा बंद करून उघडला की लागू होतं, हे त्यांना कळलं होतं. त्यावर त्यांनी काढलेला उपाय सरळ होता. बंदच करायचा नाही. पाहुणा ओट्यावर बसलाय, बसू दे. दार उघडलंच नाही तर आत येईल कसा?

सुकलालभाई माझ्या शेजारच्या दाराचे. मूळचे शिरपूरकडचे, पण मिसरूड फुटायच्या आत सुरतेत आले आणि लूमच्या खात्यात लागले. इथे कारखान्याला खातं म्हणतात. आधी लूम चालवले, पुढे लूम दुरुस्त करणारे मास्टर झाले. निवृत्त झाले तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात पाना असे. कोणाच्याही घरी गेले की आधी पंख्याकडे बघत, मग घरच्या माणसांकडे. पंखा कुरकुरत असला तरी खुर्चीवर चढून तो दुरुस्त करत नसत. त्यांचं तत्त्व वेगळं होतं. "चालू छे ने?" ते विचारत. आपण हो म्हटलं की बोट वर करून निकाल देत, "तो हाथ नई लगाडवानो." चालतंय ना, मग हात लावायचा नाही.

हे वाक्य त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीला लावलं, स्वतःच्या गुडघ्याला लावलं, आणि एकदा चौथ्या मजल्यावरच्या नवराबायकोच्या भांडणाला लावलं. ते दोघं अजून एकत्र आहेत.

दुसरं तत्त्व भाषेचं. "सुरतमां रेवुं होय तो सुरती बोलवुं." घरात सगळ्यांनी गुजरातीच बोलायचं, असा त्यांचा कायदा होता. खात्यात नवीन असताना त्यांच्या अहिराणीवर कोणीतरी हसलं होतं, असं सिंधूताईंनी मला एकदा सांगितलं. कोण हसलं ते सुकलालभाई विसरले असतील. कायदा मात्र राहिला. माझ्याशी मराठी बोलत, कारण मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होतो आणि मराठी हा माझा धंदा आहे असं ते समजत. पण त्यांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द मी कधी ऐकला नव्हता.

सिंधूताई, त्यांची बायको, हा कायदा जन्मभर मोडत आल्या.

सिंधूताई गावात चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी वाचायची त्यांना फार हौस. किराण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नसत. पण सुरतेत पुडीचा कागद गुजराती. दुकानाची पाटी गुजराती, लाइटबिल गुजराती, दवाखान्यातली सूचना गुजराती. बोललेली गुजराती त्यांना पाण्यासारखी कळे. लिहिलेली दिसली की त्या थांबत. गुजराती अक्षरांना वर रेघ नसते.

"ह्या अक्षरेसना डोकावर पदर नही, गुरुजी," त्या मला म्हणाल्या होत्या. "मी त्यासले कसी वयखू?"

मी त्यांना ती अक्षरं ओळखायला शिकवतो म्हटलं. दोनचार दुपारी बसल्याही. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. इतला दिन गया, आते काय."

त्यांची मुलगी रेखा बारडोलीला दिली आहे. जावई साखर कारखान्यात आहेत. रेखा डिप्लोमा झालेली, आणि माहेरी राहिलेला कॉम्प्युटर तिचाच. एका सुट्टीत आली असताना तिने त्याच्या ब्राउझरमध्ये एक ॲडऑन बसवून दिलं. ॲडऑन म्हणजे ब्राउझरला जोडायचा एक छोटा तुकडा, लूमला जादा फणी लावावी तसा. हे ॲडऑन एवढंच करायचं की पान गुजरातीत असलं तर अक्षरं तेवढी देवनागरी करून दाखवायचं. भाषा गुजरातीच, फक्त अक्षरांनी पदर घेतलेला.

पहिल्या दिवशी सिंधूताईंनी गुजराती पेपरचं अख्खं पान मोठ्याने वाचलं. सोन्याचा भाव, तापीची पातळी, कतारगामला लागलेली आग, कोणाचं बेसणुं, म्हणजे शोकसभा, कुठे आहे ते. मी आमच्या घरात ऐकत होतो. माझी बायको तेव्हा होती. ती म्हणाली, "अहो, शेजारी रेडिओ आणला वाटतं."

या ॲडऑनमध्ये आणखी एक सोय होती. एखादं अक्षर चुकीचं बदललं गेलं तर त्या शब्दावर टिचकी मारायची आणि बरोबर शब्द घालायचा. पुढे तो शब्द जिथे येईल तिथे आपण घातलेला दिसे. रेखाने हे आईला चुका दुरुस्त करायला दाखवलं. सिंधूताईंनी चुका तर केल्याच दुरुस्त, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी पेपर दुरुस्त करायला घेतला.

मुलीसाठी "दीकरी" असेल तिथे अहिराणी "आंडेर" आलं आणि मुलासाठी "दीकरो" असेल तिथे "आंडोर". इथवर ठीक. मग "मंत्री" शब्दाच्या जागी "भोंगा" आला. "आश्वासन"च्या जागी "हवा". रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या भोंग्याने हवा दिलेली असे. महापालिकेला त्यांनी "मावशी" केलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "येस, चहा पेस, नि जास." त्यामुळे मावशीने पाणी बंद केलं, मावशीने रस्ता खोदला आणि मावशीविरुद्ध लोकांनी मोर्चा काढला. तापी त्यांच्या माहेरच्या गावाजवळून वाहत सुरतेला येते, म्हणून तिच्या जागी "मायेरनं पानी". धरणातून सोडलेलं मायेरनं पानी सुरतेत शिरेल की काय, अशी बातमी पावसाळ्यात रोज असे.

मृत्यूच्या जाहिरातींत "अवसान", म्हणजे मरण, हा शब्द फार. तो त्यांना आवडला नाही. त्यांनी तिथे "गावले जानं" घातलं. खानदेशातून आलेला माणूस सुरतेत दिसेनासा झाला की बहुधा गावालाच गेलेला असतो. त्यानंतर सुरत शहरात कोणी मेलं नाही. रोज दोन रकाने भरून लोक गावाला जाऊ लागले.

सुकलालभाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. "आ पेपर छे के तमाशो?" ते ओरडत. "कोणी पाव्हणा आला ने आ वाच्युं तो?"

"तो बी हासी," सिंधूताई म्हणत.

"आपल्यावर हासशे!"

"हासू द्या. तुमनं काय जास?"

सुकलालभाई स्वतः गुजराती चांगली वाचत. ते खालच्या दुकानातून छापील पेपर आणून गॅलरीत बसून वाचत, म्हणजे आत चाललेल्या तमाशाशी आपला संबंध नाही हे रस्त्यावरून दिसावं. मात्र आतून हसण्याचा आवाज आला की विचारत, "शुं थयुं? काय लिव्हलंय?" मग सांगितलं तर ऐकून घेत आणि म्हणत, "नकामी वात."

सिंधूताई मार्गशीर्षात गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, आणि नंतर घरी आणलं ते तसंच. सुकलालभाईंनी पेपरात जाहिरात दिली. बेसणुं झाल्यावर पाहुणे पांगले आणि मी त्यांच्यापाशी बसलो होतो. कॉम्प्युटरवर पेपर उघडा होता. त्यांनी बोटाने पडद्याकडे दाखवलं. मी वाकून वाचलं.

"सिंधुबेन सुकलाल भामरेनुं गावले जानं थयुं छे."

त्या दिवसापासून सुकलालभाईंनी छापील पेपर बंद केला. सकाळी चहा घेऊन ते कॉम्प्युटरपुढे बसत आणि बायकोने दुरुस्त केलेला पेपर वाचत. ताज्या बातम्या, आणि शब्द तिचे. त्या ॲडऑनला ते "चश्मो" म्हणू लागले. "सिंधूनो चश्मो." माझ्या बायकोला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिच्या साड्या मी देऊन टाकल्या होत्या, फोटो भिंतीवर होता. सकाळी भिंतीपलीकडून सुकलालभाईंचं हसणं ऐकू आलं की मी हातातलं पुस्तक मिटून बसून राही. मेलेल्या माणसाने आजच्या बातमीवर केलेला विनोद ऐकायला मिळावा, हे किती जणांच्या नशिबी असतं?

महाशिवरात्रीच्या सुमारास ब्राउझरच्या वरच्या बाजूला एक पट्टी आली. सुकलालभाईंनी फोनवर ती रेखाला वाचून दाखवली. रेखाने अर्थ सांगितला, हे ॲडऑन जुन्या पद्धतीचं आहे, पुढच्या अपडेटनंतर चालणार नाही. ज्याने बनवलं त्याने नवं केलं तर चालेल.

"तो त्याला सांग ना."

"बापू, तो कोण आहे, कुठे आहे, काय माहीत? किती वर्षांत त्याने त्याला हातसुद्धा लावला नाहीये."

"हाथ नथी लगाड्यो ते सारुं कर्युं," सुकलालभाई म्हणाले. "पण आ लोक केम लगाडे छे? चालू छे ने?"

मी पुष्कळ वाचलं आहे, पण चालत असलेली गोष्ट दर महिन्याला नवी का करायची, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

त्या दिवसापासून पहारा सुरू झाला.

पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटचं बटण उगवलं. आधी हिरवं होतं. काही दिवसांनी केशरी झालं, मग लाल. सुकलालभाईंनी सिंधूताईंच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मोठी टिकली काढून काचेवर बरोबर त्या बटणावर चिकटवली. "आता दाबो," ते म्हणाले. माउसचा बाण टिकलीखालून निघून जाई तेव्हा ते श्वास रोखून बघत. बँकेच्या पानाने "तुमचा ब्राउझर जुना आहे" असं सांगून आत घ्यायचं नाकारलं. त्यांनी पडद्याला उत्तर दिलं, "जूनो तो हुं पण छुं," आणि पासबुक घेऊन बँकेत चालत गेले. पानं उघडायला इतका वेळ लावू लागली की एक बातमी येईपर्यंत त्यांची अंघोळ उरके.

विजेची भीती सगळ्यात मोठी. त्यांनी इन्व्हर्टर घेतला. उन्हाळ्यात एकदा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दुपारपर्यंत इन्व्हर्टर रडू लागला. समोरच्या आइस्क्रीमवाल्याकडे जनरेटर होता. सुकलालभाईंनी तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडली, रस्त्यापलीकडे नेली, आणि ती चिरडू नये म्हणून भर उन्हात लाल टॉवेल घेऊन रस्त्यात उभे राहिले. रिक्षावाले थांबत, विचारत, "काका, शुं थयुं? घरमां कोई बीमार छे?"

"हा," सुकलालभाई म्हणाले. "धीमे जाओ."

रिक्षा धीम्या गेल्या. आइस्क्रीमवाल्यालाही वाटलं की वर कोणाला ऑक्सिजन लावलाय. त्याने पैसे घेतले नाहीत.

गावी किंवा बारडोलीला जायचं झालं की माझी पाळी. लूमच्या खात्यात पाळी बदलताना लूम थांबत नाही. जाणारा कामगार लूमच्या चौकटीवर हात ठेवून उभा असतो, येणारा आपला हात ठेवतो, आणि मगच पहिला आपला उचलतो. सुकलालभाईंनी हीच पद्धत घरी ठेवली. पिशवी खांद्याला, एक हात कॉम्प्युटरच्या डब्यावर, आणि मला म्हणत, "मास्तर, हाथ मूको." मी माझा हात डब्यावर ठेवला की ते आपला काढत आणि मागे न बघता निघून जात. मग मी त्यांच्या घरात पुस्तक घेऊन बसे. संध्याकाळी फोन येई. "चालू छे ने?" मी हो म्हणे. फोन बंद.

मी त्यांना एकदा म्हटलं, "सुकलालभाई, हे शब्द एका कागदावर उतरवून घेऊ. मी लिहितो."

त्यांना राग आला. "कागदावर मेलेल्याचं लिवतात, मास्तर. आ तो चालू छे."

रेखाने मात्र धसका घेतला होता. शब्द फक्त त्या ॲडऑनच्या पोटात होते, आणि ते एकेक करूनच बाहेर दिसत. ती म्हणाली, दिवाळीत आठ दिवस येते, मी बसून सगळे काढून घेते, बापूंना कळणारही नाही. मीही म्हटलं, ये. दिवाळीपर्यंत ब्राउझर टिकेल याबद्दल आम्हा दोघांना शंका नव्हती. पहारा कोणाचा होता ते आम्ही जाणत होतो.

दिवाळीच्या आधी दसरा येतो.

लूमच्या खात्यात दसऱ्याला काय करतात ते सांगायला हवं. वर्षभर न थांबणारे लूम त्या दिवशी थांबतात. कामगार अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येतात. लूम पुसतात, तेल देतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. चालत्या मशीनची पूजा करत नाहीत. ज्याने वर्षभर पोसलं त्याला एक दिवस उभं राहू द्यायचं, हात जोडायचे, आणि संध्याकाळी नारळ फोडून पुन्हा चालवायचं. सुकलालभाईंनी उभा जन्म हे केलं होतं. निवृत्तीनंतर ते दसऱ्याला खात्यात जाऊन लांबून बघत. या वर्षी सुतकाचं वर्ष म्हणून गेले नाहीत.

सकाळी त्यांनी मला फाफडा खायला बोलावलं. मी गेलो तेव्हा ते अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे उभे होते. घरात एकच मशीन होतं. त्यांनी पडदा पुसला, टिकलीच्या कडेकडेने. कीबोर्ड उलटा करून झटकला. जुन्या गंजीफ्रॉकच्या चिंधीने डबा मागूनपुढून पुसला. ताटात हळदकुंकू, फुलं, निरांजन. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांनी वाकून, अगदी सवयीने, खटका बंद केला. पंख्याची घरघर थांबली. त्यांनी कुंकू लावलं, हार घातला, हात जोडले.

घरात शांतता झाली. मला वाटलं, पूजेची असेल.

त्यांनी माझ्यापुढे फाफड्याची बशी ठेवली. आम्ही दोघांनी खाल्लं. जलेबी जरा आंबट आहे यावर बोललो. मी घरी आलो.

संध्याकाळी त्यांनी नारळ फोडला आणि खटका चालू केला. मी हाक ऐकून गेलो. ते खुर्चीत बसले होते. ब्राउझर झटक्यात उघडला होता, कडा गोल झाल्या होत्या, आणि पेपरचं पान गुजराती अक्षरांत होतं. टिकलीखाली आता काही नव्हतं.

सुकलालभाई त्या पानाकडे बघत होते. गुजराती ते माझ्यापेक्षा भरभर वाचतात.

"मास्तर," ते म्हणाले, "माले वाचता नही ई ऱ्हायनं."

त्यांच्या तोंडून अहिराणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मग ते आपला उजवा हात पुढे धरून म्हणाले, "मीच बंद करं ना? ह्याच हातघाई?" कोणी चोरी केली असती, वीज गेली असती, तर निदान कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मला न सांगता ते कॉम्प्युटर स्कूटरवर बांधून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, आधी होतं तसं करून दे. दुकानदाराने जे ऐकलं ते सगळे दुकानदार ऐकतात. कॉम्प्युटरचं कुठलंही दुखणं असो, यांच्याकडे औषध एकच. संध्याकाळी त्याने मशीन परत दिलं आणि म्हणाला, "काका, फॉर्मेट मारी दीधुं. हवे घोडानी जेम दोडशे."

रेखा धावत आली. तिने दिवसभर शोधलं. पोटात होतं ते सगळं पुसलं गेलं होतं. जाताना तिने दुसरं एक नवं ॲडऑन बसवून दिलं. तेही गुजराती पान देवनागरीत दाखवतं, आणि पहिल्यापेक्षा भराभर. सुकलालभाईंनी त्यात पेपर उघडला. मंत्र्याने आश्वासन दिलं होतं. महानगरपालिकेने पाणी बंद केलं होतं. खालच्या रकान्यात पुष्कळ लोकांचं अवसान झालं होतं.

"एकदम बरोबर छे," ते रेखाला म्हणाले, आणि ती गेल्यावर त्यांनी मशीनवर चादर टाकली.

दिवाळी तशीच गेली. मग एके दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात छापील पेपर होता.

"फुरसद छे, मास्तर? तुमाला पेपर वाचून दाखवतो."

मला गुजराती वाचता येतं हे त्यांना माहीत आहे. मी खुर्ची सरकवली. ते बसले, चष्मा लावला, जिन्याकडे एकदा बघून घेतलं आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. "गांधीनगरमां भोंगाए हवा आपी के..."

मी मान हलवली. ते पुढे वाचू लागले. मावशीने पाणी बंद केलं. पुढे एका वाक्याशी अडले, बोट कागदावर ठेवून बसून राहिले. "याले काहीतरी म्हने ती," ते म्हणाले. आठवलं नाही. तो शब्द सोडून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी दारातच, चप्पल न काढता, आनंदाने ओरडले, "वकील! वकीलले कोरटना कावया म्हने ती!" त्या दिवशी आम्ही या कोर्टाच्या कावळ्यांच्याच बातम्या शोधून वाचल्या.

असे काही शब्द परत आले. सुरुवातीला रोज एखादा येई. मग दिवसाआड, मग नुसतंच अडणं वाढलं. एकदा सापडलेला शब्दही पुन्हा हरवू लागला.

परवा ते बेसण्याच्या जाहिराती वाचत होते. "सांजे चार थी छ," संध्याकाळी चार ते सहा, असं प्रत्येक जाहिरातीत असतं. पहिल्याच "सांज"शी ते थांबले. तिथेही सिंधूताईंनी आपला शब्द घातलेला होता. खालच्या जाहिरातीत गेले, तिथेही तेच. त्याच्या खाली तेच.

"रोज दिखे, मास्तर," ते म्हणाले. "पानभर दिखे. इतला वखत दिखे का मी वाचेच नही त्याले."

शाळेत खानदेशातली पोरं संध्याकाळला काय म्हणायची ते मला आठवलं. मी म्हटलं, "दिन बुडता?"

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. दोनदा म्हणून पाहिला. मग मान हलवली.

"शब्द बरोबर शे, मास्तर. पन तिना नही."

खालून दूधवाल्याची हाक आली, ती गेली. सुकलालभाईंनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"ती आपली भाषामा बोले," ते म्हणाले, "तवय मी म्हने, गुजरातीमा बोल. जलमभर तेच म्हनू. ती काय बोलस ते ऐकेच नही ना मी." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "वाचनं पडनं, तवय समजनं का ती किती मजाकी व्हती."

मग त्यांनी पान उलटलं आणि सोन्याचा भाव वाचला.

ते अजून रोज येतात. "सांज" आली की तो शब्द न उच्चारता पुढे जातात. सिंधूताईंचे मूठभर शब्द आता उरले आहेत. ते एकट्या सुकलालभाईंना येतात, आणि ऐकायला मी असतो.